फोटोग्राफीतला ‘फो’ गेला कुठे?

पाटीपेन्सिल (सोमवार, रात्री ९.१०)

मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. वर्गात ४१ पोरं. बहुतेकांच्या कानावर इंग्रजी पडतं ते जाहिरातींतून आणि मोबाइलमधून, तेवढंच. गेल्या आठवड्यात सिलॅबल शिकवायला घेतलं. सगळेच करतात तसं मीही टाळ्यांवर नेलं. शब्द म्हणायचा, जितके तुकडे तितक्या टाळ्या. ‘रेडिओ’ तीन, ‘टोमॅटो’ तीन. वर्ग खूश, मी खूश.

मग ‘स्कूल’ आला आणि अर्ध्या वर्गाने दोन टाळ्या दिल्या. ‘स्ट्रेंथ’ला दोन. ‘कम्फर्टेबल’ला तर पाच. मला कळेना हे काय चाललंय. शेवटी मागच्या बाकावरच्या एकाने गुपित फोडलं, “मॅडम, मी मनातल्या मनात मराठीत लिहितो आणि अक्षरं मोजतो.” म्हणजे कान बंद, पाटी चालू.

एवढंच असतं तर निभावलं असतं. पण मी मोबाइलवर एका इंग्रज माणसाचं कॅमेऱ्यावरचं बोलणं ऐकवलं. तो ‘फोटोग्राफ’ म्हणाला तेव्हा सगळ्यांना कळलं. ‘फोटोग्राफी’ म्हणाला तेव्हा एक मुलगी म्हणाली, “हा ‘टॉग्रफी’ म्हणतोय. ‘फो’ गिळला त्याने.” पुढे ‘फोटोग्राफिक’ आलं तेव्हा ‘टो’ही गेला. एकाच घरातले तीन शब्द आणि जोर तीन वेगवेगळ्या जागी. पोरांनी विचारलं, कुठे जोर द्यायचा हे कसं ओळखायचं? मी म्हटलं उद्या सांगते. तो उद्या उलटून चार दिवस झाले.

खाली लिहिताना आघाताच्या, म्हणजे जोराच्या, तुकड्याआधी डिक्शनरीत असते तशी छोटी उभी रेघ देते. ˈफो-ट-ग्राफ, फ-ˈटॉ-ग्र-फी, फो-ट-ˈग्रॅ-फिक. जाणकारांनी मदत करावी.

उगाचच (९.२२)

आमच्या वेळी नियम एकच होता. जिथे छडी पडते तिथे आघात.

गणमात्रा (१०.०५)

पाटीपेन्सिलताई, तुमची पोरं चुकली नाहीत. त्यांनी लिपीशी इमान राखलं. ‘स्कूल’मधल्या ‘ल’चा पाय आपण लिहिताना मोडत नाही, म्हणून तो वेगळं अक्षर दिसतो. बोलताना मात्र तो मोडलेलाच असतो. ‘कमळ’ लिहायला तीन अक्षरं, बोलायला ‘क-मळ्’ असे दोनच तुकडे. ‘करवत’ लिहायला चार, बोलायला ‘कर्-वत्’. तेव्हा आधी मराठी शब्दांवर टाळ्या वाजवून घ्या, डोळे मिटून. पाटी आपोआप बाजूला पडेल. एक मात्र सांभाळा. पुढे कधी वृत्त शिकवायला घेतलंत तर तिथे ‘कमळ’ परत तीन अक्षरी होतं. कवितेच्या हिशेबात शेवटचा ‘ळ’ जिवंत असतो.

आता आघात. मी ३१ वर्षं मराठी शिकवलं, इंग्रजीचा माझा अधिकार नाही. पण एक गोष्ट सांगतो, ती वृत्तं शिकवणाऱ्याला चटकन कळते. इंग्रजीत लॅटिनवरून आलेल्या नामांचा ढोबळ नियम असा: शेवटून दुसरा तुकडा बघायचा. तो गुरु असेल तर आघात त्याच्यावर. लघु असेल तर आघात एक घर मागे. गुरु म्हणजे आपलाच गुरु, स्वर दीर्घ किंवा पुढे जोडाक्षर.

‘अजेंडा’ घ्या. शेवटून दुसरा ‘जेन्’, पुढे ‘न्ड’ची जोडी, म्हणून गुरु. अ-ˈजेन्-डा. ‘अरोमा’मध्ये ‘रो’ दीर्घ, म्हणून अ-ˈरो-मा. ‘सिनेमा’त मधला तुकडा त्यांच्याकडे ऱ्हस्व आहे, म्हणून जोर मागे सरकतो, ˈसि-न-मा. ‘अमेरिका’त ‘रि’ लघु, म्हणून अ-ˈमे-रि-का. ‘हिप्पोपोटॅमस’मध्ये आपण ‘टॅ’ ठासून म्हणतो, पण तो तिथे लघु आहे. जोर ‘पॉ’वर: हि-प-ˈपॉ-ट-मस.

आणखी गंमत. ब्रिटिश ‘अल्युमिनिअम’ आणि अमेरिकन ‘अल्युमिनम’ यांत जोर वेगळ्या जागी आहे म्हणून लोक हसतात. पण दोघांनी नियम एकच पाळलाय. ब्रिटिश शब्दात एक ‘इ’ जास्त, म्हणून शेवटून तिसरा तुकडा ‘मि’ येतो. अमेरिकन शब्दात तो ‘इ’ नाही, म्हणून शेवटून तिसरा ‘लू’ येतो. अ-ˈलू-मि-नम.

बाराखडी (१०.४०)

गणमात्रासर, क्या बात! हे मी भाषाशास्त्राच्या वर्गात पानभर चिन्हांतून शिकलो होतो. गुरु-लघु म्हटलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं.

ताई, आठवीच्या पोरांना मात्र मी शेपटीपासून सुरुवात करायला सांगेन. मराठी माणूस शब्द डोक्यापासून वाचतो आणि पहिल्या अक्षरावरच जोर देऊन मोकळा होतो. लांब इंग्रजी शब्दाचा जोर ठरतो शेपटीवरून. शेपूट ‘शन’, ‘इक’, ‘इटी’, ‘इकल’, ‘इअन’, ‘इअल’, ‘ग्रफी’, ‘लजी’ अशी असेल तर जोर शेपटीच्या अगदी आधी किंवा तिच्या तोंडाशी येऊन बसतो, मूळ शब्दात तो कुठेही असो. ˈइन्-डस्-ट्री, पण इन्-ˈडस्-ट्रि-अल. ˈम्यू-झिक, पण म्यू-ˈझि-शन. ˈडे-म-क्रॅट, डि-ˈमॉ-क्र-सी, डे-म-ˈक्रॅ-टिक. फोटोग्राफचं त्रिकूट याच घराण्यातलं.

दुसऱ्या जातीच्या शेपट्या जोर स्वतःवरच ओढून घेतात: एन्-जि-ˈनिअर, व्हॉ-लन्-ˈटिअर, ट्रे-ˈनी, जॅ-प-ˈनीज. (‘कमिटी’ बंडखोर, क-ˈमि-टी.)

तिसऱ्या जातीच्या शेपट्या गरीब. ‘नेस’, ‘ली’, ‘फुल’, ‘लेस’, ‘हूड’ या अस्सल इंग्रजी शेपट्या. कुठेही चिकटल्या तरी मूळ शब्दाच्या जोराला धक्का लावत नाहीत. ‘मेंट’ फ्रेंचकडून आली, पण वागते तशीच. म्हणून डि-ˈव्हे-लप, तर डि-ˈव्हे-लप-मंट. आपण सगळे ‘डेव्हलपमेंट’ म्हणताना ‘डे’वर जोर देतो, आणि मूळ क्रियापदही ‘डेव्हलप’ असंच म्हणतो. म्हणजे चूक निदान सुसंगत आहे.

अपवाद विचारू नका. ˈपॉ-लि-टिक्स ‘इक’ला जुमानत नाही, पण प-ˈलि-टि-कल आणि पॉ-लि-ˈटि-शन नियमात बसतात. ‘अरिथमेटिक’ तर नाम असताना अ-ˈरिथ्-म-टिक आणि विशेषण असताना अ-रिथ्-ˈमे-टिक. ‘एबल’ शेपूट बहुतेक वेळा गरीब, पण प्रि-ˈफर पासून ˈप्रे-फ-र-बल होतं. त्या शब्दाने मला एका मुलाखतीत घाम फोडला होता.

मधलीसुट्टी (११.१५)

मला एक कळत नाही. मी पुण्यात बसून हैदराबाद, कोची, गुवाहाटीशी दिवसभर इंग्रजीत बोलतो. आम्ही सगळे ‘डे’वर जोर देऊन ‘डेव्हलपमेंट’ म्हणतो आणि कुणाचंही काही अडत नाही. इंग्रज गेले १९४७ला. त्यांचा ‘फ-टॉग्रफी’ आपण का गिरवायचा? मराठी बोलणारा प्रत्येक अक्षराला त्याचा न्याय देतो. आपली सवय आहे ती, व्यंग नाही.

आणि तो कुणी परदेशी कॉलवर ‘सॉरी?’ म्हणाला की आपणच का ओशाळायचं?

बाराखडी (११.३१)

मसु, मुद्दा बरोबर आहे. केनेथ पाइक नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९४५ साली हाच फरक मांडला होता. काही भाषा तुकड्या-तुकड्याला सारखा वेळ देतात, काही भाषांत एका जोरापासून दुसऱ्या जोरापर्यंतचं अंतर सारखं ठेवायची ओढ असते. इंग्रजी दुसऱ्या गटात. पुढे लोकांनी घड्याळ लावून मोजलं तेव्हा इतकी स्वच्छ वाटणी काही निघाली नाही. पण एक गोष्ट कुणीही ऐकून पडताळावी: इंग्रजीत जोर नसलेल्या तुकड्याचा स्वर खंगतो. ‘ओ’, ‘ए’, ‘आ’ काहीही असो, तो ‘अ’सारखा पुसट होतो. त्या भाषेत सगळ्यांत जास्त वेळा उच्चारला जाणारा स्वर हाच पुसट ‘अ’. फोटोग्राफीतला ‘फो’ गेला कुठे, तर तिथेच.

जोर हा शब्दावर चढवलेला दागिना असता तर मीही म्हटलं असतं, राहू द्या. पण कुठला स्वर जगतो आणि कुठला मरतो हेच जोर ठरवतो.

रात्रपाळी (मंगळवार, पहाटे ४.५०)

ड्यूटीवरून आले, धागा दिसला. मसुदादा, तुमचं खरं आहे, पण ते दोघं एकाच सवयीचे असतात तोवर.

मी सांगली जिल्ह्यातली, आता इंग्लंडमध्ये एका वॉर्डात नर्स आहे. इथे आले त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. रात्री दोनला एका पेशंटसाठी भूलतज्ज्ञ बोलवायचे होते. मी टेलिफोन ऑपरेटरला म्हटलं, “ॲ-ने-स्थे-टिस्ट पाहिजेत.” ती म्हणाली, “कोण?” मी परत सांगितलं, थोडं मोठ्याने. “कोण, लव्ह?” मी तिसऱ्यांदा सांगितलं, प्रत्येक अक्षर सुटं करून, आपण आजीला औषधाचं नाव सांगतो तसं. जितकं स्वच्छ बोलायला जात होते तितकं तिला कमी कळत होतं. शेवटी वॉर्ड सिस्टरने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि म्हणाली, “अ-ˈनीस्-थ-टिस्ट.” ‘नीस्’ लांब आणि ठसठशीत, बाकी सगळं पुटपुटल्यासारखं. ऑपरेटरने लगेच जोडून दिलं.

माझं कुठलं अक्षर चुकलं होतं ते मी घरी येऊन शोधत बसले. अक्षर एकही चुकलं नव्हतं म्हणा ना. मी सगळ्यांना सारखं वाढलं होतं. तिला एकच पान भरलेलं हवं होतं.

दुखण्यांची नावं मात्र शेपटीवर नीट चालतात, बाराखडीदादांचा नियम इथे कामाला येतो. शेवटी ‘आयटिस’ असेल तर जोर त्या ‘आय’वर: अ-पेन्-डि-ˈसाय-टिस, आर्-ˈथ्राय-टिस. ‘लजी’ असेल तर त्याच्या आधीच्या ‘ऑ’वर: कार्-डि-ˈऑ-ल-जी. थर्-ˈमॉ-मि-टर. ‘कॅथेटर’ आपण ‘थे’वर जोर देऊन म्हणतो, इथे ˈकॅ-थि-टर.

पण एक जोडी अशी आहे की नियम पाळला तरी भीती वाटते. हायपोग्लायसीमिआ आणि हायपरग्लायसीमिआ. साखर कमी आणि साखर जास्त. दोन्हींत मुख्य जोर ‘सी’वर, आणि जीव ज्याच्यावर अवलंबून तो ‘पो’ की ‘पर’ दबक्या जागी. फोनवर दोन्ही एकसारखे ऐकू येतात. म्हणून आम्ही शब्दावर विसंबत नाही, आकडा सांगतो. इथे ४ मिलिमोलच्या खाली गेली की कमी, म्हणजे आपल्याकडच्या मापात साधारण ७२ मिलिग्रॅम. आकड्याला आघात लागत नाही.

मधलीसुट्टी (सकाळी ९.०२)

रात्रपाळीताई, नमस्कार. माझं ‘का गिरवायचं’ मागे घेतो. ‘का ओशाळायचं’ मात्र कायम.

रात्रपाळी (सकाळी ९.४०)

ते कायमच ठेवा. मी ओशाळले नाही, मला झोप आली होती.

बाराखडी (दुपारी १.१०)

ऑपरेटरला का कळलं नाही त्याचं एक उत्तर आहे. ॲन कटलर आणि डेव्हिड कार्टर यांनी १९८७ साली इंग्रजी संभाषणातले शब्द तपासले. नाम, क्रियापद, विशेषण असे जे भरीव शब्द, त्यांतले सुमारे ९० टक्के जोरकस तुकड्याने सुरू होतात. त्यामुळे इंग्रजी कानाला लहानपणापासून सवय लागते: भरलेला तुकडा ऐकू आला की नवा शब्द सुरू झाला समजायचं. रात्रपाळीताईंनी चारही तुकडे भरून वाढले. बाईला वाटलं असणार, चार शब्द आले, आणि एकाचाही अर्थ लागेना.

लोकांना वाटतं हळू आणि सुटं बोललं की कळतं. इथे उलटं होतं.

जुळारी (दुपारी ३.४५)

मी जोराबद्दल बोलत नाही, तुकड्यांबद्दल बोलतो. आयुष्य छापखान्यात गेलं. आधी खिळे जुळवले, नंतर संगणकावर पानं लावली. इंग्रजी मजकुराचा अरुंद कॉलम लावायचा म्हणजे ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागतो. एकदा ‘लेजंड’ हा शब्द ओळीच्या टोकाला ‘लेग’ आणि पुढच्या ओळीवर ‘एंड’ असा तुटला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो तसा तुटतो, हीच पंचाईत. मुद्रितशोधकांनी लाल शाईने शेजारी पायाचं चित्र काढून पाठवलं होतं.

पाटीपेन्सिलबाई, डिक्शनरीत शब्दाच्या मधे ठिपके दिसतात ते पोरांना सिलॅबल म्हणून शिकवू नका. बरेच शिक्षक ही गफलत करतात. अमेरिकन डिक्शनऱ्यांतले ते ठिपके छापणाऱ्यासाठी असतात. शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा, एवढंच ते सांगतात. ‘अजेंडा’त बोलायला तीन तुकडे, पण ठिपका एकच, शेवटच्या ‘डा’च्या आधी. कारण पहिलं अक्षर एकटं ओळीच्या टोकाला लटकत ठेवायचं नाही असा छपाईचा संकेत. उच्चार हवा असेल तर पुढे कंसात दिलेला बघायचा.

आणि तोडण्यावरही एकमत नाही. नोआ वेब्स्टरने १७८३ साली अमेरिकेत स्पेलिंगचं पुस्तक काढलं तेव्हा शब्द उच्चाराप्रमाणे तोडायचा आग्रह धरला. जुने ब्रिटिश छापखाने शब्दाची व्युत्पत्ती बघायचे. ‘नॉलेज’ हा शब्द घ्या. ब्रिटिश जुळारी ‘नो’ म्हणजे जाणणे हा धातू अखंड ठेवून मग तोडायचा. अमेरिकन मात्र ‘ल’ पहिल्या तुकड्यात ओढतो, कारण तो म्हणतो ˈनॉल्-इज. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

संगणक आल्यावर काय झालं तेही सांगतो. डोनाल्ड नूथ यांच्या ‘टेक’ या पानं लावणाऱ्या प्रोग्रॅमसाठी फ्रँक लिआंग नावाच्या विद्यार्थ्याने स्टॅनफर्डमध्ये १९८३ साली प्रबंध लिहिला. सगळी डिक्शनरी संगणकात भरायची तर तेव्हा जागा नव्हती. त्याने अक्षरांचे ४४४७ नमुने काढले, अमुक अक्षरांच्या मधे तोडा, तमुकांच्या मधे तोडू नका असे. तेवढ्यावर डिक्शनरीतल्या तोडायच्या जागांपैकी ८९ टक्के सापडल्या, आणि चुकीची जागा जवळपास एकही नाही. उरलेल्या अडेल शब्दांची वेगळी यादी, फक्त १४ शब्दांची. त्यात ‘प्रेझेंट’ आणि ‘प्रोजेक्ट’ आहेत, आणि त्यांना तोडायची जागाच दिलेली नाही. का? तर ‘प्रेझेंट’ नाम असेल तर ˈप्रेझ्-अंट, क्रियापद असेल तर प्रि-ˈझेंट. स्पेलिंग एकच. वाक्याचा अर्थ लागल्याशिवाय कुठे तोडायचं कळत नाही आणि यंत्राला अर्थ लागत नव्हता. म्हणून तोडूच नका.

बघा, मी जोराबद्दल बोलणार नव्हतो.

गणमात्रा (संध्या. ६.२०)

जुळारीभाऊ, तुमच्या ‘प्रेझेंट’वरून आठवलं. आपल्याकडे जोर चुकल्याची सगळ्यांत महाग पडलेली चूक त्वष्ट्याची. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने यज्ञ केला आणि ‘इंद्रशत्रु’ हा शब्द उच्चारला. उदात्त स्वर शेवटी हवा होता, म्हणजे तत्पुरुष होऊन अर्थ झाला असता इंद्राला मारणारा. तो पडला पहिल्या पदावर. बहुव्रीही झाला: इंद्र ज्याला मारणारा आहे असा. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून गेला. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथात हे उदाहरण दिलंय. वैदिक उदात्त हा आवाजाच्या उंचीचा होता आणि इंग्रजी आघात मुख्यतः जोराचा, हे मान्य. पण अक्षरं तीच ठेवून नुसती जागा बदलली की अर्थ फिरतो, हे ज्यांना तीन हजार वर्षांपूर्वी माहीत होतं त्यांच्या नातवंडांना ‘प्रेझेंट’ अवघड जाऊ नये.

मराठीतही आघात मेलेला नाही, कुणी लक्ष देत नाही एवढंच. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरु हा नियम पोरं घोकतात. मग ‘पुस्तक’मधला ‘पु’ गुरु आणि ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघु का? ‘पुन्हा’चा ‘पु’ लघु का? कारण तिथे आघात येत नाही. आपल्या व्याकरणात हा शब्द या एका कामासाठी शिल्लक राहिलाय.

उगाचच (संध्या. ६.५५)

त्वष्ट्याला रात्रपाळीताईंचा फॉर्म्युला माहीत असता तर त्याने आकडा सांगितला असता.

बरं, एक चावट प्रश्न. इंग्रज लोक शब्दाच्या पोटात शिवी घालतात. ‘ॲब्सो-ब्लडी-लूटली’. ती कुठेही घालतात का?

बाराखडी (संध्या. ७.३०)

चावट नाही, फार चांगला प्रश्न आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९८२ साली यावर गंभीर शोधनिबंध लिहिलाय. शिवी वाटेल तिथे बसत नाही, बहुतेक वेळा जोरकस तुकड्याच्या लगेच आधी बसते. ॲब्-स-ˈलूट्-ली, म्हणून ॲब्सो-ब्लडी-लूटली. फॅन्-ˈटॅस्-टिक, म्हणून फॅन-ब्लडी-टॅस्टिक. ‘फॅन्टॅस-ब्लडी-टिक’ म्हटलं तर शाळेत न गेलेला इंग्रजही तोंड वाकडं करेल. त्याला सिलॅबल म्हणजे काय हे सांगता येणार नाही, पण शिवी अचूक जागी पडते.

उगाचच (संध्या. ७.३४)

म्हणजे आपल्या आजीची ‘मेला’ घेतली तर ‘फोटो-मेला-ग्राफी’ चूक आणि ‘फ-मेला-टॉग्रफी’ बरोबर. कळलं. शाळेत असं शिकवलं असतं तर मी पास झालो असतो.

पाटीपेन्सिल (शुक्रवार, रात्री ८.४५)

आठवी ‘ब’मध्ये ‘मेला’ चालवता येणार नाही, नोकरी जाईल. पण बाकी बरंच वापरलं. काय काय झालं ते सांगते.

आधी मला वाटलं पोरांची च-ची भाषा कामाला येईल. आमच्याकडे प्रत्येक अक्षराआधी ‘च’ लावून गुपितं बोलतात. म्हटलं तुकडे पाडायची सवय आहेच, इंग्रजी शब्दांना लावू. ‘स्कूल’चं झालं ‘चस्कूचल’. परत पाटीच. शिवाय च-च्या भाषेत प्रत्येक अक्षराला सारखाच ‘च’ मिळतो, म्हणजे ज्या सवयीतून बाहेर काढायचं तीच घट्ट होत होती. अर्ध्या तासात सोडून दिलं.

मग गणमात्रासरांचं ऐकून डोळे मिटून मराठी शब्द घेतले. ‘करवत’ला चार टाळ्या देणारे दोन टाळ्यांवर आले, आणि मग ‘स्कूल’ एकावर यायला दोन मिनिटं लागली. ‘कम्फर्टेबल’ तीनवर आला: ˈकम्फ्-ट-बल. ‘व्हेजिटेबल’ही तीन. एकाने विचारलं, “मग मधली अक्षरं लिहायची कशाला?” मी म्हटलं, ते इंग्रजांना विचार.

आघाताचं कोडं सोडवलं ते हलगी वाजवणाऱ्या पोराने. तोच, मागच्या बाकावरचा. मी फळ्यावर तीन फोटोग्राफ लिहून शेपट्या रंगीत खडूने काढत होते आणि हा बाकावर काहीतरी बडवत होता. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, यात एकच ठोका मोठा आहे ना? बाकी टिचक्या.” आणि त्याने वाजवून दाखवलं. आघाताला मूठ, बाकीच्यांना बोट. ‘फोटोग्राफ’ म्हणजे मूठ-बोट-बोट. ‘फोटोग्राफी’ बोट-मूठ-बोट-बोट. ‘फोटोग्राफिक’ला त्याने पहिल्या तुकड्यावर नुसता तळवा टेकवला आणि तिसऱ्यावर मूठ मारली. त्या शब्दात पहिल्या तुकड्यावर दुय्यम जोर असतो हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. रेकॉर्डिंग दोनदा ऐकून त्याने ते पकडलं.

टाळीने जे होत नव्हतं ते यातून झालं. सगळ्या टाळ्या सारख्या. मूठ आणि बोट सारखी नसतात.

मग मी शेपटीवरून ओळखा म्हणून नवे शब्द टाकले. ‘इलेक्ट्रिसिटी’ बरोबर आला: बोट-बोट-मूठ-बोट-बोट. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ सहा तुकड्यांचा, त्यासाठी वर्गाचे तीन गट केले आणि दोन गटांचं उत्तर बरोबर आलं: रि-स्पॉन्-स-ˈबि-ल-टी. ‘डेव्हलपमेंट’वर भांडण. एक मुलगी म्हणाली, घरी सगळे ‘डे’वरच जोर देतात. मसुदादा, तुमची आठवण झाली. मी तिला म्हटलं, तू घरी तसंच म्हण. पण समोरचा डि-ˈव्हे म्हणाला तर तो काय म्हणतोय ते तुला कळलं पाहिजे. मला पोरांची तोंडं बदलायची नाहीयेत, कान उघडायचेत.

गणमात्रा (रात्री ९.०५)

ताई, त्या हलगीवाल्याला माझा आशीर्वाद सांगा. त्याने गण शोधून काढले. मूठ-बोट-बोट म्हणजे भ गण: ‘सिनेमा’, ‘डेमोक्रॅट’, ‘पॉलिटिक्स’. बोट-मूठ-बोट म्हणजे ज गण: ‘अजेंडा’, ‘कमिटी’. बोट-बोट-मूठ म्हणजे स गण: ‘इंजिनिअर’, ‘जॅपनीज’. यमाताराजभानसलगा फळ्यावर लिहा आणि शब्द टाकत जा. आणि त्याला एक कोडं घाला: न गणाचा, म्हणजे नुसत्या बोटांचा, एकट्याने उभा राहणारा इंग्रजी शब्द शोधून आण. सापडणार नाही. कुठेतरी एक मूठ लागतेच.

रात्रपाळी (रात्री ९.५०)

ड्यूटीला निघाले. ‘ॲनेस्थेटिस्ट’ बोट-मूठ-बोट-बोट. आता जन्मात विसरणार नाही.

उगाचच (रात्री १०.०२)

४१ मुठी बाकावर पडल्यावर शेजारच्या वर्गातून कुणी आलं नाही?

पाटीपेन्सिल (रात्री १०.१५)

खुद्द प्रिन्सिपल आले. दारात उभे राहून विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, सर, सिलॅबल. हलगीवाल्याने लगेच ‘प्रिन्सिपल’ वाजवून दाखवला. मूठ पहिल्या तुकड्यावर. सर म्हणाले बरोबर आहे, आणि बाक शाळेचे आहेत.